परमुलखातील खेळगडी

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना उपदेश करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. अभ्यास नेटाने करा, वडीलधाऱ्यांचा मान राखा, व्यसनांपासून दूर राहा, पैसा जपून खर्च करा, असे आम्ही शिक्षक सांगतो आणि मुलेही ते निमूटपणे ऐकून घेतात. त्यांपैकी कितीतरी मुले पुढे आखातात, विलायतेत, पोर्तुगालात किंवा बोटीवर नोकरीला जाणार, हे आम्हांला ठाऊक असते. तरीही परमुलखात राहावे कसे, याविषयी आम्ही फारसे बोलत नाही. 'आपली माणसे धरून राहा,' एवढे सांगितले म्हणजे कर्तव्य पुरे झाले, असे आम्हांला वाटते. हा उपदेश चांगला आहे, पण अपुरा आहे. त्याला मी आणखी एका वाक्याची जोड देऊ इच्छितो : सुटीच्या दिवशी तेथल्या माणसांबरोबर खेळा.

हे वाचून काही पालकांना हसू येईल. पोटासाठी घरदार सोडून गेलेल्या मुलाला चेंडूफळीचा उपदेश करणारा शिक्षक त्यांना थोडा विक्षिप्त वाटेल. वस्तुतः हा प्रश्न करमणुकीचा नाही. माणूस परक्या गावात दहा वर्षे राहून परकाच राहतो, की त्या गावाचा होतो, असा हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर बरेचसे शनिवार-रविवारच्या फावल्या वेळात ठरते.

आपल्या गोव्यातील माणूस परदेशी जाण्यास नवखा नाही. मुंबईत उतरून बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशांसाठी गावोगावच्या लोकांनी तेथे 'कूड' स्थापन केल्या. एका गावाची माणसे एका छपराखाली राहत, एकत्र जेवत, एकत्र प्रार्थना करीत. अनोळखी शहरात तो मोठा आधार होता. पुढे पूर्व आफ्रिकेत गेलेल्यांनी नैरोबीत गोवन इन्स्टिट्यूट, गोवन जिमखाना अशा संस्था उभारल्या. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग मोकळा असल्यामुळे अलीकडे हजारो गोवेकर इंग्लंडात गेले. २०२० च्या अखेरीस ब्रिटनने युरोपातील मुक्त संचाराचे दार बंद केले, तोपर्यंत स्विंडनसारख्या गावात गोवेकरांची मोठी वस्ती उभी राहिली होती. हे स्विंडन रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढलेले गाव. तो कारखाना १९८६ साली बंद झाला, आणि आता आपली मुले तेथे गोदामांतून पाळीपाळीने राबतात. तेथे आपल्या वाण्याचे दुकान आहे, आपल्या मासळीचा वास आहे, फेस्त आहे, तियात्र आहे. आठवडाभर राबलेल्या माणसाने सुटीच्या दिवशी आपल्या भाषेत चार शब्द बोलावे, यात गैर काही नाही.

परंतु ह्याच उबेत एक धोका दडलेला आहे. कामाच्या जागी शेजारी उभा असलेला माणूसही बहुधा पोलंडचा किंवा रुमानियाचा असतो. खोलीत आपलेच लोक. दुकानात आपलेच लोक. अशा रीतीने वर्षामागून वर्षे जातात आणि ज्या देशाच्या हवापाण्यावर आपण जगतो, त्या देशाच्या एकाही माणसाच्या घराचा उंबरठा आपण ओलांडलेला नसतो. इंग्रज शेजारी वाईट नसतो. पण न बोलावता कोणाकडे जाण्याची त्याची रीत नाही, आणि तुम्ही बोलावाल अशी त्याची अपेक्षाही नसते. दोघेही सभ्य, दोघेही दाराआड. मग एखाद्या निवडणुकीत बाहेरून आलेल्यांविरुद्ध वारे वाहू लागले, की त्या गल्लीत तुमच्या बाजूने बोलणारा कोणी सापडत नाही. कारण तुम्हांला ओळखणाराच कोणी नसतो.

ही कोंडी फोडण्याचे पुष्कळ उपाय सांगता येतील, पण खेळाइतका सोपा उपाय मला दुसरा दिसत नाही. त्याचे कारण उघड आहे. ओळख करून घेण्यासाठी बोलावे लागते, आणि नव्या माणसाची नेमकी तेथेच अडचण होते. मैदानावर मात्र वीस-पंचवीस शब्दांत काम भागते. 'धाव', 'थांब', 'माझा', 'छान' एवढे समजले म्हणजे पहिला रविवार पार पडतो. शिवाय तेथे तुम्ही मदत मागणारे नसता. तुमची तेथे गरज असते. अकरावा गडी न मिळाल्याने हवालदिल झालेल्या कप्तानाला, तुम्ही कोणत्या देशाचे, हा प्रश्न फार उशिरा सुचतो!

इंग्लंडच्या खेड्यांतील मैत्रीचे क्रिकेट पाहावे, म्हणजे हे ध्यानात येईल. हॅम्पशायरमधील हॅम्बल्डनच्या माळावर अठराव्या शतकात नावारूपाला आलेला हा खेळ आजही एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत शेकडो गावांत खेळला जातो. बहुतेक ठिकाणी शनिवारी स्पर्धेचे सामने आणि रविवारी निव्वळ मैत्रीचे. रविवारच्या सामन्यात पगारी पंच नसतात. फलंदाजी करणाऱ्या संघातील जे गडी रिकामे असतात, तेच पांढरा कोट घालून पंचाचे काम करतात, तेच धावांची वही लिहितात. गेल्याच महिन्यात गावात आलेल्या नवख्या माणसाला आपल्या कप्तानाला पायचीत ठरवण्याचा प्रसंग तेथे येतो. त्याने बोट वर केले आणि कप्तान कुरकुर न करता परतला, तर त्या एका बोटाने त्या नवख्याला गावात जे स्थान मिळते, ते कोणत्याही सरकारी कागदाने मिळणार नाही.

दोन डावांच्या मध्ये चहा असतो. काकडीचे आणि अंड्याचे सँडविच, घरी केलेला केक, मोठ्या भांड्यात उकळलेला चहा; आणि दोन्ही संघ एकाच टेबलाभोवती. २०२० च्या साथीनंतर पुष्कळ ठिकाणच्या स्पर्धांतून हा चहा सक्तीचा राहिला नाही, पण मैत्रीच्या सामन्यांत तो अनेक गावांनी जपला आहे. तो चहा पाळीपाळीने खेळाडूंच्या घरचीच मंडळी करतात. आपल्या पाळीच्या दिवशी एखाद्या गोवेकराने केकबरोबर बेबिंका किंवा समोसे नेले, तर ते पहिल्यांदा संपतील, याविषयी मला शंका नाही. आणि सामन्याच्या आधी व नंतर आणखी एक गोष्ट असते, तिचे नाव काम. गवत कापणे, रोलर ओढणे, पावसात खेळपट्टी झाकणे, कपबशा विसळणे. हे काम सभासदच करतात. माझ्या मते मैदानावर मिळणाऱ्या टाळ्यांपेक्षा रोलरच्या दांड्याला लागलेला हात माणसाला अधिक जवळ आणतो. टाळ्या पाहुण्यालाही मिळतात. रोलर घरच्यालाच ओढावा लागतो.

चहाचे महत्त्व मी उगाच वाढवून सांगतो आहे, असे कोणास वाटेल. त्यांनी आपल्याच इतिहासाचे एक पान उलटावे. शेजारच्या धारवाडात जन्मलेले पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातील असामान्य डावखुरे गोलंदाज. पुण्याला गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीवर असताना इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा हात तयार झाला. गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. एकच चेंडू सर्वांनी हाताळला. पण चहाच्या वेळी इतर गडी आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. पुढे १९११ साली हिंदुस्थानी संघाबरोबर इंग्लंडात जाऊन त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. मैदानावर बरोबर आणि चहाला वेगळे, असा खेळ माणसांना जोडीत नाही. तो फक्त सामने जिंकून देतो. म्हणून परदेशी गेलेल्या माझ्या विद्यार्थ्याला मी सांगेन की, सामना संपताच पिशवी उचलून पळू नकोस. चहाला थांब. आणि तुला चहाला थांबवत नसतील, तर खुशाल दुसरा संघ शोध.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा मुद्दा येतो. 'आम्ही तर दर रविवारी खेळतोच,' असे आपले लोक सांगतील; आणि ते खरेही आहे. गोवेकर जेथे जातो तेथे फुटबॉल घेऊन जातो. पण पुष्कळदा तो आपलाच संघ करतो आणि दुसऱ्यांच्या संघाशी झुंजतो. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते. याने अंगाला व्यायाम होतो. मैत्री होतेच असे नाही. मुंबईच्या जुन्या क्रिकेटचा अनुभव हेच सांगतो. १९१२ साली युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान यांचे चौरंगी सामने सुरू झाले, १९३७ पासून ते पंचरंगी झाले. क्रिकेट उत्कृष्ट होते, गर्दी अफाट होती. पण प्रत्येक चौकाराला धर्माचा रंग चढू लागला. १९४० साली गांधीजींनी अशा सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर ते बंदच झाले.

याला अलीकडच्या संशोधनाचाही आधार मिळाला आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातील खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवून त्यांचा अभ्यास केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. जे तरुण भिन्न जातींच्या सोबत्यांबरोबर एकाच संघात खेळले, त्यांची त्या जातींतील मैत्री वाढली. जे भिन्न जातींच्या संघांशी नुसते प्रतिस्पर्धी म्हणून खेळले, त्यांच्या बाबतीत उलट परिणाम दिसला. तेव्हा नुसते मैदानावर उतरणे पुरेसे नाही. कोणाच्या बाजूने उतरतो, ह्याला महत्त्व आहे. पोर्तुगालात गावच्या सणासमारंभांत विवाहित विरुद्ध अविवाहित असा फुटबॉलचा गमतीचा सामना खेळण्याची चाल आहे. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. तीत लिस्बनचा ब्रह्मचारी आणि मडगावचा ब्रह्मचारी एका बाजूला पडतात, आणि हरले तर दोघे मिळून लग्न झालेल्यांच्या नावाने बोटे मोडतात!

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. केनियाच्या हॉकी संघाने १९७१ साली बार्सिलोना येथील पहिल्या विश्वचषकात चौथे स्थान मिळवले. त्या काळच्या संघांत शिखांचा आणि गोवेकरांचा मोठा भरणा असे. हा पराक्रम अभिमानास्पदच आहे. पण तो खेळ मुख्यत्वे आशियाई लोकांच्या संस्थांत वाढला होता. आणि गोवेकरांच्या संस्थांतही कारकुनांची वेगळी, शिंप्यांची वेगळी, अशी विभागणी होती. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाल्यावर आशियाई कुटुंबे एकामागून एक देश सोडून गेली, तशी त्या हॉकीची शक्तीही ओसरत गेली. ज्या मातीवर आपण खेळलो, त्या मातीतल्या मुलांना आपण पुरेसे बरोबर घेतले होते का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. याच मातीत मोंबासाचा सेराफिनो आंताव हा गोवेकर धावपटूही निपजला. १९६२ च्या पर्थ येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने १०० व २२० यार्डांच्या दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र केनियाचा ध्वज त्याच्या हाती दिला गेला. तो कोणाच्या जिमखान्याचा राहिला नव्हता. तो केनियाचा झाला होता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, सर्वांनाच खेळता येत नाही. यावर इंग्लंडातच एक सुंदर तोड निघाली आहे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये तेरा माणसे पाच किलोमीटर धावली. तो उपक्रम सुरू करणारे पॉल सिंटन-ह्यूइट हे स्वतःच आफ्रिकेतून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेले गृहस्थ. दुखापतीमुळे त्यांचे धावणे थांबले होते आणि सोबत्यांची संगत त्यांना हवी होती. आज 'पार्करन' या नावाने तो अनेक देशांत पसरला आहे. इंग्लंडात दर शनिवारी सकाळी नऊ वाजता कोणीही यावे, शुल्क नाही, बक्षीस नाही. धावावे किंवा चालावे. सर्वांच्या मागे राहण्याचे काम एका स्वयंसेवकाने मुद्दाम पत्करलेले असते, म्हणून शेवटचा आल्याची लाज कोणालाच वाटत नाही. आमच्या मुलींनी ह्याची विशेष नोंद घ्यावी. कारण परदेशी गेलेल्या मुलीला संघ शोधणे मुलांपेक्षा अवघड जाते, आणि येथे संघ शोधावाच लागत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. शनिवारी जादा कामाचा जादा पैसा मिळतो, तो सोडायचा कसा? घरी कर्ज असेल त्याने तो सोडू नये. पण कर्ज फिटल्यानंतरही जो सोडीत नाही, त्याने आपण कशासाठी कमावतो याचा एकदा हिशेब मांडावा. आखातातील स्थिती वेगळी आहे, हेही मान्य केले पाहिजे. तेथे मूळच्या रहिवाशांशी परक्या कामगाराचा संबंधच थोडा येतो. तेथे पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन आणि केरळी सोबती हेच आपले शेजारी. सुटीच्या दिवशी मोकळ्या जागेत चिकटपट्टी गुंडाळलेल्या चेंडूने त्यांच्याशी सरमिसळ संघ करून खेळणे, हेही माझ्या मते त्याच तोलाचे काम आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोरे लोक आपल्याला मनापासून घेतील का? हा संशय निराधार नाही. इंग्लंडच्या क्रिकेटविषयी नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२३ साली आपल्या अहवालात स्पष्ट म्हटले की, त्या खेळात वर्णभेद, स्त्रियांविषयीचा दुजाभाव आणि वर्गभेद खोलवर आहेत. हौशी खेळाडूंत दक्षिण आशियाई वंशाची माणसे पुष्कळ, पण व्यावसायिक संघांत त्या मानाने फार थोडी, ही विसंगती तेथे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा अपमान सोसून खेळत राहा, असे मी सांगणार नाही. पण एका संघाने दार लावले म्हणून साऱ्या गावाने लावले, असेही समजू नये. १९९० साली नॉर्मन टेबिट या इंग्रज पुढाऱ्याने बाहेरून आलेल्यांच्या निष्ठेची एक कसोटी सुचवली होती : क्रिकेटच्या सामन्यात ते कोणाच्या नावाने टाळ्या वाजवतात, ते पाहा. ही कसोटीच मला उफराटी वाटते. टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. पाहायचे ते हे, की रविवारी तुम्ही कोणाबरोबर खेळता, आणि पुढच्या रविवारी ते तुम्हांला बोलावतात की नाही. ही कसोटी दोघांची एकदम लागते. येणाऱ्याची आणि यजमानाचीही.

आणि यजमान म्हटल्यावर आपण आपल्या अंगणाकडे वळले पाहिजे. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूबरोबर. प्रकृतीला आराम पडावा म्हणून ते बार्देशात आले आणि तेथल्या मुलांना त्यांनी चेंडूमागे धावायला शिकवले. एक परका माणूस गावच्या मुलांशी खेळला, म्हणून आज तो खेळ आपण आपला म्हणतो. आता आपल्या गावात परके कोण आहेत? कर्नाटक, ओडिशा, बिहार, झारखंड येथून आलेली कुटुंबे आपली घरे बांधतात, आपल्या ट्रॉलर चालवतात, आपली हॉटेले सांभाळतात. त्यांची मुले आपल्या मराठी शाळांच्या बाकांवर बसून आपल्या मुलांबरोबर कविता पाठ करतात. पण रविवार उजाडला, की कापणी झालेल्या मळ्यात एका टोकाला गावची मुले खेळतात आणि दुसऱ्या टोकाला 'भायले'. मधली मेर कोणी ओलांडीत नाही. त्यांच्यासाठी आपल्या तोंडी जे शब्द सहज येतात, ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. आणि स्विंडनच्या एखाद्या गल्लीत आपल्या मुलांविषयी तसेच शब्द उच्चारले गेले, तर आपण वर्तमानपत्राकडे धाव घेतो.

माझ्या मते परदेशी कसे राहावे याचे शिक्षण विमानतळावर सुरू होत नाही. ते शाळेच्या पटांगणावर सुरू झाले पाहिजे. म्हणून शाळेपुढे एक साधी सूचना ठेवतो. रविवारी सकाळी पटांगण मुलांना खुले करावे. वाड्यावाड्यांचे किंवा आमचे-तुमचे असे संघ न करता चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत. शिक्षकांपैकी एकाने पाळीपाळीने उपस्थित राहावे. पहिल्या काही रविवारांची पाळी मी आनंदाने घेईन. चुन्याच्या रेषा आखण्याचे आणि पटांगण झाडण्याचे काम खेळणाऱ्यांनीच करावे. खेळ संपल्यावर सर्वांनी एकत्र बसून पेज किंवा चहा घ्यावा, आणि भांडी सर्वांनीच विसळावीत. याला खर्च जवळजवळ नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण लवकरच दूर जातील. तेथल्या एखाद्या मैदानाच्या कडेला उभे राहून, आत जावे की न जावे, असा विचार तुमच्या मनात येईल. त्या वेळी धीर करून पुढे व्हा आणि गडी कमी आहे का, एवढे विचारा. आणि जे येथेच राहतील, त्यांनी येत्या रविवारी मळ्यातली मेर ओलांडून तोच प्रश्न पलीकडच्या मुलांना विचारावा.